जकातनाक्याचा धडा

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शुल्काध्यक्षाविषयीं एक प्रकरण आहे. नगराच्या मोठ्या दरवाजाजवळ शुल्कशाला बांधावी, तिच्यावर ध्वज उभारावा, आणि व्यापारी माल घेऊन आले म्हणजे ते कोण, कोठून आले व त्यांनीं किती माल आणला हें लिहून घ्यावें, असें तेथें सांगितलें आहे. त्याच प्रकरणाच्या अखेरीस एक निराळा विचार येतो आणि तो फारसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. ज्या मालापासून देशाचा मोठा उपकार होणार असेल तो माल, तसेंच दुर्मिळ बियाणें, हीं शुल्कावांचून आंत येऊं द्यावीं, असें ग्रंथकाराचें सांगणें आहे. तिजोरी भरण्याचा मार्ग दाखवितांनाच त्या मार्गाची मर्यादाही त्यानें सांगून ठेविली आहे. बियाण्यावर कर घेतला तर यंदां चार पैसे हातीं येतील, पण पुढल्या सालचें पीक बुडेल, हा त्यामागील सरळ हिशेब होय.

राज्याची करपद्धति कशी असावी म्हणजे धंदे वाढतील आणि रिकाम्या हातांना काम मिळेल, हा प्रश्न आजही तितकाच जिवंत आहे. त्यावर वाद सुरू झाला कीं बहुधा दोन पक्ष पडतात. कर कमी करा म्हणजे भांडवल आपोआप येईल, असें एक पक्ष म्हणतो. कर कमी केला तर रस्ते, शाळा आणि दवाखाने कशांतून चालवावयाचे, असें दुसरा विचारतो. दोघांचेंही म्हणणें खरें आहे, पण दोघेही कर किती एवढेंच पाहतात. कर कोठें घेतला जातो, मालाच्या प्रवासांतील कोणत्या टप्प्यावर घेतला जातो, आणि देणाऱ्याचा त्यांत किती वेळ मोडतो, हा तिसरा प्रश्न मागें पडतो. वस्तुतः रोजगाराचें बरेंवाईट या तिसऱ्या प्रश्नावर फार अवलंबून असतें. महाराष्ट्रांतील जकातीचा इतिहास हा त्याचा उत्तम धडा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांत एका गांवाहून दुसऱ्या गांवीं माल नेतांना वाटेंत जागोजाग चौक्या लागत. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींतील चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनीं बंगाल इलाख्यांतील या अंतर्गत जकातींची चौकशी करून, त्या देशी धंद्यांना कशा मारक होतात हें सरकारपुढें मांडलें. त्यानंतर १८३६ ते १८४४ या काळांत बंगाल, मुंबई व मद्रास या तिन्ही इलाख्यांतील अंतर्गत जकाती उठविण्यांत आल्या. परंतु वाटेवरची चौकी गेली तरी वेशीवरची चौकी निराळ्या नांवानें परत आली. नगरपालिका निघाल्या, त्यांना दिवाबत्ती, झाडलोट व पाणी यांसाठीं पैसा हवा होता, आणि शहरांत येणाऱ्या मालावर जकात बसविणें हा सर्वांत सोपा उपाय होता. घराच्या मालकाकडून घरपट्टी वसूल करावयाची तर तो भांडतो, सभासदाला पुढल्या निवडणुकींत जाब विचारतो. बाहेरगांवाहून गाडी घेऊन येणाऱ्याला मात्र त्या शहरांत मत नसतें.

जोतीराव फुले हे १८७६ सालापासून कांहीं वर्षें पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सभासद होते. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत त्यांनीं याच गोष्टीबद्दल कडक तक्रार केली आहे. शेतकरी आपला भाजीपाला शहरांत विकावयास आणतो, त्यावर म्युनिसिपालिटी जकात घेते. तो पैसा मात्र खर्च होतो शहराच्या सोयींवर. म्हणजे कर ज्याच्याकडून घेतला तो एक, आणि त्याचें फळ ज्याला मिळालें तो दुसरा.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टांत राज्यसूचीची ५२ वी नोंद अशा प्रवेशकराची होती. तिच्या आधारें महाराष्ट्रांतील शहरें पुढें कित्येक दशकें जकात घेत राहिलीं. मुंबईच्या वेशीवर मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द या बाजूंस नाकीं होतीं. मालमोटार नाक्यावर येऊन थांबे. चालक खालीं उतरून बिलें दाखवी. कारकून मालाचा प्रकार व किंमत पाहून दर लावी. संशय आल्यास माल उतरवून पाहावा लागे. जो माल शहरांत न विकतां केवळ शहरांतून पुढें जावयाचा, त्याचेही पैसे कोठें कोठें आधीं भरून दुसऱ्या टोकास परत मागावे लागत. या खटपटींतून पावत्या करून देणाऱ्या दलालांचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. ज्या वेळांत गाडी दुसरी खेप करूं शकली असती तो वेळ नाक्यावरच्या रांगेंत जाई, आणि त्या वेळाचें मोल गाडीमालक भाड्यांत, दुकानदार किंमतींत, आणि शेवटीं गृहिणी महिन्याच्या वाणसामानांत भरी. सरकारी हिशेबांत जकातीचा आकडा दिसे. रांगेंत मोडलेल्या वेळाचा आकडा कोणत्याच वहींत नसे.

जकातीच्या जोडीला राज्याचा विक्रीकर होता. १९३५ च्या कायद्यानें प्रांतांना हा अधिकार मिळाल्यावर १९३९ सालीं मद्रास प्रांतानें सर्वसाधारण विक्रीकर प्रथम बसविला आणि १९४६ सालीं मुंबई प्रांतानेंही तो सुरू केला. आरंभीं अल्प वाटलेला हा कर पुढें राज्यांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार झाला. त्यांत करावर कर बसण्याचा जो दोष होता तो एका साध्या उदाहरणानें समजून घेण्याजोगा आहे.

लोखंडी कपाटें करणारा एक लहान कारखानदार घ्यावा. तो १,००० रुपयांचा पत्रा विकत घेतो. प्रत्येक विक्रीवर शेंकडा १० कर आहे असें धरलें, तर पत्रा त्यास १,१०० रुपयांस पडतो. त्यावर ९०० रुपयांची मजुरी, खर्च व नफा चढवून तो कपाटाची किंमत २,००० करतो. कर धरून दुकानदारास तें २,२०० रुपयांस पडतें. दुकानदार आपले ३०० रुपये मिळवितो, किंमत २,५०० होते, आणि गिऱ्हाईक करासह २,७५० रुपये देतें. आतां दुसरा एक बडा कारखाना कल्पावा. तो पत्रा स्वतः तयार करतो, कपाट स्वतः बनवितो आणि स्वतःच्याच दुकानांतून विकतो. तेवढाच माल, तेवढीच मेहनत, तेवढाच नफा; किंमत २,२०० रुपये. पण विक्री एकदांच झाल्यामुळें कर एकदांच, म्हणजे २२० रुपये. त्याचें कपाट गिऱ्हाइकास २,४२० रुपयांस मिळतें. लहान कारागीराचें कपाट ३३० रुपयांनीं महाग झालें, आणि तें त्याच्या हाताच्या दोषामुळें नव्हे, तर केवळ माल तीन हातांतून गेला म्हणून.

प्रत्यक्ष कायद्यांत वजावटीच्या व सवलतीच्या कांहीं तरतुदी होत्या, त्यामुळें हा दोष सर्व ठिकाणीं इतका उघडा पडत नसे. परंतु वजावट अपुरी होती, आणि परराज्यांतून आणलेल्या मालावरील केंद्रीय विक्रीकराची, तसेंच नाक्यावर भरलेल्या जकातीची वजावट मिळत नसे. म्हणून एका मोठ्या छपराखालीं सर्व कांहीं करणाऱ्याला अशा पद्धतींत आपोआप झुकतें माप मिळे आणि दहा छोट्या कारखान्यांनीं कामें वांटून घेण्याला दंड बसे. आपल्या देशांत पुष्कळ हातांना काम मिळतें तें अशा छोट्या कारखान्यांतूनच. तेव्हां करावर कर बसणें हा रोजगारावरचाच कर होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या दोषावरील उपाय म्हणजे मूल्यवर्धित कर. त्यांत प्रत्येक जण पूर्ण किंमतीवर कर लावतो खरा, पण मागील टप्प्यावर भरलेला कर वजा करून उरलेलाच सरकारांत भरतो. वरील उदाहरणांत पत्रा विकणारा १०० रुपये, कारखानदार १९० मधून १०० वजा जातां ९० रुपये, आणि दुकानदार २२० मधून १९० वजा जातां ३० रुपये भरील. एकूण २२०, बड्या कारखान्याइतकेच. येथें कोणी विचारील कीं पूर्वीं ५५० मिळत होते, आतां २२० च मिळाले, तर सरकारचें कसें चालावें? शंका रास्त आहे. सरकारला तेवढेच ५५० हवे असतील तर दर वाढवावा लागेल. पण तो वाढलेला दर लहान व मोठा या दोघांनाही सारखाच लागू पडेल. सुधारणेचा अर्थ कर बुडविणें असा नसून कराचा वांकडा भार सरळ करणें असा आहे.

महाराष्ट्रानें ही वाट टप्प्याटप्प्यानें चालली. १९९९ सालीं नगरपालिकांच्या हद्दींतील जकात उठविण्यांत येऊन त्यांना मोबदल्याचें अनुदान सुरू झालें. महानगरपालिकांची जकात मात्र राहिली. १ एप्रिल २००५ पासून जुन्या विक्रीकराच्या जागीं मूल्यवर्धित कर आला. २०१० पासून कांहीं महानगरपालिकांत, आणि १ एप्रिल २०१३ पासून पुणें, ठाणें, नागपूर अशा मोठ्या शहरांत जकातीऐवजीं स्थानिक संस्था कर लागू झाला. नाकें गेलें, पण व्यापाऱ्याला राज्याच्या अधिकाऱ्यापुढें एक हिशेब आणि महापालिकेपुढें दुसरा हिशेब ठेवण्याची पाळी आली. २०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत व्यापाऱ्यांनीं दुकानें बंद ठेवून विरोध केला. अखेर १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षां कमी उलाढाल असणाऱ्यांना तो कर माफ झाला. राज्यघटनेच्या १०१ व्या दुरुस्तीनें ५२ वी नोंद वगळण्यांत आली, आणि १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर देशभर सुरू होतांच मुंबईच्या वेशीवरील जकातही संपली.

या सुधारणेनें किती नोकऱ्या निर्माण झाल्या, याचा नेमका आकडा मांडूं पाहणें हें धाडसाचें काम होय. रोजगार हा मागणी, वीज, कर्ज, शिक्षण, पाऊस अशा अनेक कारणांचें फळ असतो. करसुधारणा वाटेंतील दगड दूर करते, गाडीला बैल जुंपीत नाहीं. पण दगड दूर झाल्याच्या खुणा दिसतात. भिवंडीच्या आसपास ग्रामपंचायतींच्या हद्दींत जीं गोदामें वाढलीं, त्यांचें एक कारण जमीन व महामार्ग हें होतें, आणि दुसरें कारण तो भाग मुंबईच्या जकातीबाहेर होता हें होतें. केंद्रीय विक्रीकर चुकविण्यासाठीं मोठे व्यापारी प्रत्येक राज्यांत लहान लहान गोदाम ठेवीत, मग तेथें गिऱ्हाईक असो वा नसो. नव्या करानंतर गोदाम कोठें असावें हें रस्ता, बंदर व गिऱ्हाईक पाहून ठरविणें शक्य झालें. पैसा कर चुकविण्याच्या जागेऐवजीं कामाच्या जागेवर लागणें हीच वाढीची पहिली पायरी होय.

या सुधारणेची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणें सांगितली पाहिजे. नव्या कराच्या आरंभीं पत्रकांची संख्या व संगणकावरची खटपट यांनीं छोटा दुकानदार गांगरून गेला. भरलेल्या कराचा परतावा उशिरां मिळाला म्हणजे लहान निर्यातदाराचें भांडवल अडकून पडतें. आणि भांडवल अडकलें कीं शनिवारचा पगार अडकतो. दरांची गुंतागुंतही बरीच होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५, १२, १८ व २८ या चार मुख्य दरांच्या जागीं ५ व १८ हे दोन मुख्य दर आणि कांहीं चैनीच्या व अपायकारक वस्तूंवर ४० असा दर आला. शेंगदाण्याची चिक्की कोणत्या दरांत व फरसाण कोणत्या दरांत, असले वाद जितके कमी होतील तितका उद्योगी माणसाचा वेळ उद्योगाला मिळेल.

याहून खोल प्रश्न स्वराज्याचा आहे. जकात वाईट होती, पण ती शहराची स्वतःची होती. मुंबई महापालिकेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा झरा तीच होती. ती गेल्यावर राज्यानें २०१७ सालीं कायदा करून नुकसानभरपाई देऊं केली, आणि त्या जुलै महिन्यांत मुंबईस सुमारे ६४७ कोटी रुपयांचा पहिला हप्ता मिळाला. त्याचप्रमाणें राज्यही आतां एकटें आपला दर ठरवूं शकत नाहीं. वस्तु व सेवा कर परिषदेंत केंद्राच्या मताचें वजन एकतृतीयांश आणि सर्व राज्यांचें मिळून दोनतृतीयांश असतें, व निर्णयास तीनचतुर्थांश मतें लागतात. बाजार एक झाला, त्याची ही किंमत आहे. ही किंमत द्यावी कीं नाहीं यावर मतभेद होतील. पण ती मोजलीच नाहीं असें होतां कामा नये. जें शहर दुसऱ्यानें पाठविलेल्या हप्त्यावर चालतें तें आपली घरपट्टी नीट आकारण्याचा कंटाळा करूं लागतें, आणि मग गटाराची तक्रार कोणाकडे करावी हेंच नागरिकांना कळेनासें होतें.

राज्याच्या हातीं आजही कांहीं महत्त्वाचे कर आहेत. डिझेल व पेट्रोल नव्या करांत आलेलें नाहीं. त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर आहे आणि त्याची वजावट मालवाहतूकदाराला मिळत नाहीं. म्हणजे मुलुंडचें नाकें उठलें तरी तेलाच्या टांकींत एक लहानसें नाकें शिल्लकच आहे. तें एकदम उठविलें तर राज्याच्या तिजोरींत मोठें भगदाड पडेल हें खरें. परंतु निदान धंद्यासाठीं जळणाऱ्या तेलावरील कराची वजावट मिळण्याची वाट राज्यांनीं मिळून शोधली पाहिजे, कारण भाजीची जुडी व सिमेंटचें पोतें या दोहोंच्या भाड्यांत तो कर मुरतो.

दुसरा कर आहे व्यवसायकर, आणि त्याची हकीकत महाराष्ट्राला भूषणावह आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास वि. स. पागे यांच्या पुढाकारानें रोजगार हमी योजना आकारास आली. मागेल त्याला काम द्यावयाचें तर पैसा हवा. १९७५ सालीं महाराष्ट्रानें नोकरी, धंदा व व्यवसाय करणाऱ्यांवर हा कर बसविला आणि त्याचें उत्पन्न रोजगार हमीसाठीं नेमून दिलें. तितकीच भर राज्यानें आपल्या बाजूनें घालावयाची असें ठरलें. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला, आणि २००५ सालीं केंद्रानें ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हां महाराष्ट्राचें उदाहरण पुढें होतें. फुल्यांच्या तक्रारींतील प्रवाह येथें उलटा झाला. पूर्वीं खेड्यांतील शेतकरी वेशीवर पैसा टाकी आणि शहर सुधारे. आतां शहरांतील पगारदार पैसा देऊं लागला आणि खेड्यांत नालाबांध, रस्ते व विहिरी होऊं लागल्या.

याही कराला सुधारणेची गरज आहे. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानें व्यवसायकराची वार्षिक कमाल मर्यादा घातली आहे. १९८८ च्या दुरुस्तीनें ती २५० वरून २,५०० रुपयांवर नेली, आणि त्यानंतर ती तेथेंच राहिली. महाराष्ट्रांत महिना पंचवीस हजार मिळविणारा पुरुष जो कर देतो, तोच महिना पांच लाख मिळविणारा देतो. रोजगारासाठीं घेतलेल्या करांत पैसेवाल्याचा वांटा इतका लहान असावा, हें न्यायाचेंही नाहीं आणि शहाणपणाचेंही नाहीं. मर्यादा वाढवून वरच्या पायऱ्या नव्यानें बांधल्या, तर धंद्याच्या वाटेंत एकही चौकी न घालतां राज्याला कामासाठीं पैसा मिळूं शकेल.

अशा रीतीनें जकातनाक्याचा धडा दोन अंगांचा आहे. जो कर मालाला वाटेंत अडवितो, कच्च्या मालावर बसतो व एकावर एक चढत जातो, तो थोडा असला तरी काम मारतो. जो कर मिळकत हातीं आल्यावर, पुरती झेंप पाहून आणि कशासाठीं घेतला हें सांगून घेतला जातो, तो जड असला तरी काम देऊं शकतो. शहरांतल्या पुष्कळ घरीं महिन्याच्या अखेरीस पगाराची चिठ्ठी येते आणि तींत व्यवसायकराच्या दोनशें रुपयांची एक ओळ असते. फेब्रुवारींत ती तीनशेंची होते. त्या ओळीकडे बहुधा कोणाचें लक्ष जात नाहीं. पण कोणा दूरच्या दुष्काळी गांवांत खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीशीं तिचा संबंध आहे, आणि तो संबंध निगुतीनें चालला आहे कीं नाहीं हें विचारण्याचा अधिकार ती ओळ देणाऱ्या प्रत्येक घराला आहे.